चूल विझवून जगलेली

मी यीस्टची एक पेशी बोलतेय. नुसत्या डोळ्यांना मी दिसत नाही. तांदळाची दारू ज्याच्यामुळे फसफसते, ते यीस्ट माझ्या लांबच्या नात्यातलं. त्याला माणसं जपतात, मडक्यात घालतात, वरून फडकं बांधतात. मला कुणी मुद्दाम आणलं नाही. मी आपली आले आणि राहिले.

आमच्यात जन्म म्हणजे कळी फुटणं. पेशीच्या कडेला बारीक फुगवटा येतो, वाढतो, सुटा होतो, की झाली दुसरी मी. त्यामुळे ‘मी’ म्हणताना मी माझ्या सगळ्या पिढ्यांविषयी बोलते. तेवढं सांभाळून घ्या.

ज्या बाईच्या पोटात या पिढ्या गेल्या, तिचं नाव पिलसुन. थोंगयंग बंदराच्या समोरच्या एका बेटावर ती जन्मली. दात यायच्या आधी तिची आई भात स्वतःच्या तोंडात चावून मऊ करायची आणि तिला भरवायची. त्या घासाबरोबर मी तिच्यात उतरले. आई पुढे लवकर गेली. मी राहिले.

पोटात आम्ही एकट्या नव्हतो. तिथे जिवाणूंची दाटी. चांगली जागा त्यांची, खाणं आधी त्यांचं, आम्ही कोपऱ्यात. मला त्याचं काही वाटत नसे. मला दोन तऱ्हांनी जगता यायचं. साखर मिळाली की ती तशीच आंबवायची, ही एक तऱ्हा. काम पटकन होतं, पण हाती थोडंच लागतं. दुसरी तऱ्हा म्हणजे चूल. माझ्या आत बारीक बारीक चुली होत्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. प्राणवायू मिळाला की त्या चुलीत तीच साखर शेवटच्या कणापर्यंत जळते आणि कितीतरी पट बळ देते. चूल पेटती असली की मी गोल, गुटगुटीत, भराभर कळ्या फोडणारी असते. तशीच मी होते.

पिलसुन कालवं फोडायची. थंडी लागली की बंदरावरच्या शेडमध्ये लांब लांब टेबलांभोवती बायका उभ्या राहायच्या. डाव्या हातात शिंपला, उजव्या हातात आखूड सुरी. सुरी फटीत जाते, मनगट वळतं, मांस पाटीत आणि टरफल खाली. पिलसुनच्या समोर यांगजा नावाची तिची मैत्रीण उभी असायची. ती पिलसुनपेक्षा लहान, आणि तिचं तोंड सुरीइतकंच चालायचं.

“ताई, आज तुझी सुरी म्हातारी झाली काय गं?”

“सुरी नाही, तुझं तोंड झालंय म्हातारं. तेवढं बंद ठेव, मग बघ पाटी कशी भरते ती.”

घरी नवरा, सांगदू. त्याचा जन्म गावातली बस चालवण्यात गेला. इंजिनाच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. निवृत्त झाल्यापासून तो घरातली वरची कामं करायचा आणि त्यातली निम्मी चुकायची.

“हेरानचे बाबा, मीठ आणा म्हटलं होतं. मीठ! पीठ नव्हे!”

“मग पिठाचं काहीतरी कर. मी कुठे नाही म्हणतोय?”

हेरान त्यांची एकुलती एक मुलगी. छांगवनला नोकरी करायची, सुट्टीला यायची. असं चाललं होतं. मला वाटायचं, ही बाई जाईल तेव्हा मीही जाईन. आमच्यासारख्यांचं बहुतेक असंच होतं.

त्या वर्षी हंगाम नुकता सुरू झाला होता. पिलसुन टेबलापाशी उभी असताना एकाएकी वाकली. यांगजाला वाटलं, काही पडलं म्हणून वाकली. पण ती उठेना. आतड्याला पीळ पडला होता. तिला जिन्जूच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तोवर आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता. डॉक्टरांनी तो कापून टाकला आणि उरलेली टोकं शिवली.

मग जंतू मारायची औषधं सुरू झाली. ती जिवाणूंसाठी होती. माझ्या डोळ्यांदेखत सगळी वस्ती उठली. ज्यांनी मला जन्मभर कोपऱ्यात ठेवलं होतं ते शेजारी गेले आणि सगळं घर मोकळं झालं. मी पसरले.

पिलसुनला तोंडानं काही खाता येत नव्हतं, म्हणून मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून साखरेचं पाणी देत होते. शिवलेली जागा अजून कच्ची होती. तिथून मी रक्तात शिरले. रक्तात साखर होती, प्राणवायू होता. अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी थकल्या होत्या. मी तिचं वाईट करायला निघाले नव्हते. हे ऐकून तुम्हाला काही फरक पडणार नाही, मला ठाऊक आहे. वाट उघडी दिसली आणि मी गेले.

तिला ताप भरला. अंग थडथडायला लागलं. डॉक्टर गु नावाचे चाळिशीतले गृहस्थ संसर्गाचे रोग बघायचे. हलक्या आवाजात बोलायचे. त्यांनी रक्त काढून पोषक द्रवात आणि मग काचेच्या थाळीवर वाढवायला ठेवलं. थाळीवर मी पांढरे, चकचकीत, गोल ठिपके होऊन उगवले.

“रक्तात बुरशी आहे,” डॉक्टर गुंनी हेरानला सांगितलं.

“बुरशी? भिंतीवर असते ती?”

“तिच्यातलीच एक जात. पोटात सगळ्यांच्याच असते. रक्तात यायला नको होती.”

“मग आता?”

“नळी बदलतो. औषध देतो. या जातीवर जास्त मात्रा लागते, पण चालेल असं चाचणी म्हणतेय.”

औषधाचं नाव फ्लुकोनाझोल. मी माझ्या अंगाभोवतीचं आवरण एका स्निग्ध द्रव्यानं लिंपून घट्ट ठेवते. हे औषध आत शिरून ते द्रव्य बनवायचंच थांबवतं. आवरण विरविरीत होतं, नवी कळी धड फुटत नाही. माझ्या कितीतरी बहिणी तशाच अर्धवट फुगून थांबल्या आणि पांढऱ्या पेशींनी त्या गिळल्या.

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. चुली कशा बांधायच्या याची एक लहानशी आज्ञावली आमच्यात प्रत्येकीकडे चुलीपाशीच ठेवलेली असते. त्या धुमश्चक्रीत एका कळीकडून ती हरवली. तिची चूल विझली. एरवी अशी कळी बहिणींच्या गर्दीत मागे पडते आणि नाहीशी होते. पण चूल विझली की पेशी घाबरते, आणि घाबरली की आवरणातले होते नव्हते ते सगळे पंप सुरू करते. जे काही परकं आत आलं असेल ते उपसून बाहेर फेकायला लागते. औषधही त्यातच उपसलं गेलं. आत आलं की बाहेर, आत आलं की बाहेर.

ती कळी म्हणजे मी. आज तुमच्याशी बोलतेय ती हीच.

हे जगणं सुखाचं नव्हतं. चूल गेल्यावर नुसत्या आंबवण्यावर दिवस काढायचे, त्यात हाती येईल त्यातलं बरंचसं पंपांना घालायचं. मी खुरटले. एक कळी फोडायला पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ लागायचा. पण धडधाकट बहिणी मरत होत्या आणि मी खुरटी जगत होते. त्यांच्या जागा मला मिळत गेल्या.

डॉक्टर गुंनी पुन्हा रक्त तपासलं. ठरलेल्या मुदतीत थाळीवर काही उगवलं नाही. मी त्या थाळीवर होते. थाळी टाकून दिली तेव्हा माझा ठिपकाही झाला नव्हता. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. पिलसुनचा ताप उतरला होता. ती पेज पिऊ लागली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तिचं भांडणही झालं होतं. सगळ्यांनाच वाटलं, संपलं.

“डोळे एकदा तपासून घेऊ,” डॉक्टर गु म्हणाले. “ही बुरशी कधीकधी डोळ्यात जाऊन बसते. डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी येतील. तोवर थांबा, आजी.”

“सोमवारी? अहो, घरी कोबी येऊन पडलाय. थंडीभर पुरेल इतकी किमची घालायचीय. यांगजा एकटीच मीठ लावत बसलीय, तेही नको तितक्या सढळ हातानं.”

“डोळ्यासमोर काही तरंगतं का? काळे ठिपके, धागे?”

“काही नाही. तुमच्या नाकातला केससुद्धा दिसतोय मला.”

डॉक्टर हसले. सांगदूही हसला, काय बोलणं झालं ते न कळताच. पिलसुनच्या उजव्या डोळ्यासमोर तेव्हा करड्या जाळीसारखं काहीतरी हलत होतं. ते मला ठाऊक आहे, कारण तिथे मीच बसले होते. तिला वाटलं, वय झालं. सांगितलं तर सोमवार, आणि सोमवारनंतर आणखी एखादा सोमवार. तिला घरी जायचं होतं.

डॉक्टर गुंनी गोळ्या लिहून दिल्या. डोळे दाखवायला नक्की या, असं हेरानला दोनदा बजावलं. हेराननं होकार दिला आणि आई म्हणाली, “आधी कोबी.”

अंगणात यांगजा, हेरान आणि आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या. परातीत तिखट, लसूण, मुळ्याचा कीस, खारवलेली कोळंबी आणि ताजी कालवं. पिलसुनला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं आणि ती तिथून हुकूम सोडत होती. यांगजानं कोबीच्या पिवळ्या पानात एक कालव गुंडाळून तिच्या तोंडापुढे धरलं. पिलसुननं ते घ्यायला हात पुढे केला आणि हात पानाच्या शेजारून रिकामाच गेला.

“ताई, अगं इकडे!”

“हलवतेस कशाला मग?”

“मी कुठे हलवतेय?”

यांगजा गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

रोज सकाळी जेवण झालं की सांगदू गोळी द्यायचा. बायकोची सेवा करायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो फार नेमानं करायचा. गोळी तळहातावर, दुसऱ्या हातात कोमट पाणी. ती गिळेपर्यंत समोर उभा.

“जीभ दाखव.”

“मी काय लहान मूल आहे?”

“काय?”

“काही नाही! गिळली! हे बघा!”

ती गोळी माझ्यापर्यंत पोचायची आणि मी ती उपसून टाकायचे. कुठे एखादी धडधाकट बहीण उरली असेल, तर ती मात्र त्या गोळीनं मरायची. सांगदू रोज सकाळी माझीच जागा झाडून देत होता.

ताप परत आला तेव्हा उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता आणि डाव्यात जाळी उतरली होती. पिलसुन कुणाला न सांगता कालवं फोडायला बसली होती, थोडीशीच, घरच्यापुरती. सुरी शिंपल्याच्या फटीऐवजी तिच्या तळहातात गेली. जन्मभरात तिच्या हातून असं झालं नव्हतं. ती रक्ताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हेरानचे बाबा, मला हे नीट लाल दिसत नाहीये.”

या खेपेला डॉक्टर गुंनी थाळी टाकू दिली नाही. ठेवून दिली. मुदत गेली, तरी ठेवली. मग एका दुपारी त्यांना थाळीवर बारीक रव्यासारखं काही दिसलं. डोळ्यातल्या द्रवातूनही तेच उगवलं. त्यांनी मला दुसऱ्या थाळीवर घातलं. तिथलं अन्न असं होतं की ते फक्त चुलीवरच शिजावं. तिथे मी उगवलेच नाही. मग त्यांना कळलं.

“हिनं आपली ऊर्जा बनवायची यंत्रणाच सोडून दिलीय,” ते हेरानला म्हणाले. “त्या बदल्यात आपलं औषध बाहेर फेकते. इतकी हळू वाढते, की आपल्याला वाटलं गेली.”

“म्हणजे त्या गोळ्या?”

“हिच्यावर चालल्या नाहीत.”

“बाबा रोज देत होते. एकही चुकवली नाही त्यांनी.”

डॉक्टर म्हणाले, “ते त्यांना सांगायलाच हवं असं नाही.”

एक नवं औषध होतं, पण ते डोळ्यात नीट पोचत नाही. मग उरलं एक जुनं. ते थेट माझ्या आवरणाला भोकं पाडतं. त्याच्यापुढे पंप चालत नाहीत. चूल नसल्यानं मला ते जास्तच झोंबलं. एका औषधातून ज्या युक्तीनं मी सुटले होते, तिनंच मला या औषधापुढे दुबळं करून ठेवलं होतं. त्यांनी ते शिरेतून दिलं, सुईनं दोन्ही डोळ्यांतही घातलं. रक्तातली मी मेले. डोळ्यांतली मी मेले.

पण ते औषध मूत्रपिंडांनाही झोंबतं. पिलसुनची आधीच दमलेली होती. लघवी कमी झाली, पाय सुजले, मग श्वासात पाणी वाजायला लागलं. रक्त गाळायच्या यंत्राला जोडलं की रक्तदाब कोसळायचा. उजवा डोळा गेला होता. डाव्याला माणूस उभा आहे की खुर्ची, एवढंच कळायचं. एकदा तिनं औषधाच्या बाटल्या टांगायच्या दांड्याशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि मग स्वतःच हसली. “यांगजापेक्षा बरा. उलटून बोलत नाही.” यांगजा पलीकडेच उभी होती. ती हसायचा प्रयत्न करत बाहेर गेली.

शेवटी पिलसुनचा आवाज इतका बारीक झाला, की सांगदूला तो मुळीच ऐकू येईना. तिला तो दिसत नव्हता आणि त्याला ती ऐकू येत नव्हती. मध्ये हेरान बसायची, इकडचं तिकडे मोठ्यानं सांगत.

त्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आलं होतं. सांगदू समुद्री शेवाळाचं सूप चमच्यानं भरवत होता. पिलसुन पुटपुटली.

“काय म्हणते?” सांगदूनं विचारलं.

“सूप खारट झालंय म्हणते, बाबा!”

“सांग तिला, मीठच आणलं होतं या वेळी.”

पिलसुनच्या ओठांच्या कडा हलल्या. मग ती पुन्हा काही बोलली. या वेळी बराच वेळ. हेरान कान लावून ऐकत राहिली.

“अगं, काय म्हणाली?”

“म्हणते... गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही रोज दिल्यात.”

पिलसुनला सगळं कळलं होतं. डॉक्टर आणि हेरान दाराबाहेर बोलले होते, आणि कान तिचे धड होते.

“गोळ्या?” सांगदू दचकून उठला. “द्यायच्या राहिल्यात का आजच्या?” आणि तो कोटाचे खिसे चाचपायला लागला. एक खिसा, मग दुसरा, मग आतला.

तो शोधत असतानाच तिचा श्वास थांबला. हेराननं त्याचा हात धरला, तेव्हा कुठे त्याला समजलं.

मी अजून आहे, कारण डॉक्टर गुंनी थाळीवरची मी ठेवून घेतली होती.

पिलसुनच्या मरणानंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर सांगदू एकटाच इस्पितळात आला. बाहेर चेरीला फुलं आली होती आणि त्याच्या टोपीवर एक पाकळी चिकटून राहिली होती. तो डॉक्टर गुंसमोर उभा राहिला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, “मला ती बघायचीय.”

“कोण?”

“जिनं तिला नेलं ती.”

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. तो हलला नाही. मग त्यांनी त्याला प्रयोगशाळेच्या काचेपाशी उभं केलं आणि आतून झाकलेली थाळी आणून त्याच्यासमोर धरली. एका बाजूला धडधाकट यीस्टचे मोठे ठिपके, दुसऱ्या बाजूला मी.

सांगदूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ही मोठी मोठी?”

“नाही. ही बारीक.” डॉक्टरांनी बोट दाखवलं आणि काचेजवळ तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, “हिची चूल विझलीय. कधीच पेटणार नाही. म्हणून एवढीशीच राहते.”

तो खूप वेळ बघत राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. काचेवर हात आपटेल. तो बायकोबरोबर राहिला त्याहून जास्त वर्षं मी तिच्या अंगात राहिले होते. त्याला ओळखत होते मी. रागावला की तो आधी टोपी काढायचा.

त्यानं टोपी काढली नाही.

“झाकण घट्ट लावा, डॉक्टर,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला नको.”

आणि तो गेला.

आता मी एका बोटभर नळीत आहे, गोठवून ठेवलेली. इथे कसलीच हालचाल नाही. अधूनमधून मला बाहेर काढतात, थाळीवर घालतात, नव्या डॉक्टरांना दाखवतात. ती मुलं-मुली पहिल्यांदा बघतात तेव्हा हटकून म्हणतात, “यावर तर काहीच नाही.” डॉक्टर गु थाळी परत ठेवतात आणि दोन दिवसांनी पुन्हा या, असं सांगतात.

तुमच्याकडे क्षमा मागायला मला तोंड नाही, आणि तुम्ही दया करावी असं मी काही केलेलं नाही. फक्त एवढं सांगते. थाळी रिकामी दिसली म्हणून मी गेले असं समजू नका. थोडं थांबा, पुन्हा बघा. म्हाताऱ्या बाईनं डोळ्यासमोर काही तरंगत नाही म्हटलं, तरी तिचे डोळे तपासल्याशिवाय तिला कोबी चिरायला पाठवू नका.

चूल मला परत मिळणार नाही. माझ्या कळ्यांनाही नाही. तरी नळी बाहेर काढून उबेला ठेवलीत, की मी जागी होईन आणि मला भूक लागेल. त्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.